मला कावीळ झालेली नाही

नाशिक,
रंगपंचमीनंतरचा रविवार

तीर्थरूप धोंडीराममामा आणि चंद्रभागामामी यांच्या पायांवर हिरामणचं डोकं. मी इकडे खुशाल आहे. हे वाक्य पत्राच्या आरंभी सगळेच लिहितात, पण या खेपेला मी ते रीत म्हणून लिहिलेलं नाही, अगदी वैद्यकीय अर्थाने लिहिलं आहे. तेव्हा मामींना ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने वाचून दाखवा. तुमचा डावा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? मामींना कांद्याच्या धुळीने खोकला येतो तो कमी झाला का? तांबडी गाय व्याली का, आणि व्याली असली तर कालवड की गोऱ्हा? (गोऱ्हा असला तरी आनंदच आहे. मी फक्त विचारतो आहे.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मामा, मी फोन केले. पण तुम्ही फोन उचलता तो मार्केट यार्डात, आणि माझं पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच तुमचं "ठेव, ठेव, आपलं ट्रॅक्टर पुढं सरकलं" होतं. त्यात तृप्तीच्या वडिलांनी तुम्हाला विंचूरहून आधीच कळवून टाकलं की तुमच्या भाच्याला कावीळ झाली आहे, स्थळ तूर्त थांबवू. तुम्ही ते मामींना सांगितलं आणि मामींनी परवाच्या टेम्पोने उसाची मोळी, पांढरे मुळे आणि भुईआवळीचा पाला पाठवला. पाला मी खाल्ला. कडू होता, पण मामींनी स्वतः निवडलेला, शिवाय अन्न वाया घालवू नये. ऊस गल्लीने संपवला. पण मामा, मला कावीळ झालेली नाही. मी पिवळा झालो होतो, हे खरं. त्याचं कारण वेगळं आहे, आणि आजवर माझ्या बाबतीत जे काही घडलं त्यात ते सगळ्यांत चांगलं आहे. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा. (ट्रॅक्टर पुढं सरकलं असेल तर आधी सरकवून या. पत्र थांबतं.)

गोष्टीची सुरुवात रंगपंचमीला होत नाही, त्याआधी महिनाभर होते. अंबडला आमच्या कारखान्यात आरोग्य तपासणीसाठी एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. माझं काम तुम्हाला माहीत आहे. मशिनवरून उतरलेला प्रत्येक तुकडा गेजमध्ये बसवून बघायचा (गेज म्हणजे मापाचा साचा, हे मामींसाठी), बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. काम मला मानवतं. फक्त घरी आल्यावरही माझा हात थांबत नाही. उद्याची बस चुकली तर, परवा पाणी आलं नाही तर, लग्न झालं आणि मुलगी झाली तर तिची शाळा रस्त्याच्या अलीकडे घ्यावी की पलीकडे, असे सगळे तुकडे मी डोक्यात घालून बघत बसतो, आणि एकही बसत नाही. मॅडमनी पट्टा आवळला, पंप मारला, आणि म्हणाल्या, "वय सव्वीस आणि बीपी आजोबांचं! तुम्ही उद्यात फार राहता. आज राहा. आत्ता जे चाललंय, त्यात राहा." मी विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?" त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. कागदावर काहीच लिहून दिलं नाही, त्यामुळे मात्रा मलाच ठरवावी लागली.

मी मोबाइलला दर तासाला घंटा लावली. देवळातल्या घंटेचा आवाज निवडला, म्हणजे मन लवकर लागेल. घंटा वाजली की हातातलं सोडायचं आणि आत्ता काय चाललं आहे ते नीट बघायचं, असा नेम. पहिल्याच दिवशी ती बसमध्ये वाजली. मी कंडक्टरकडे इतकं मनापासून बघितलं (तो बोटाला थुंकी लावून नोटा मोजत होता, आणि मोजताना त्याच्या भुवया हलत होत्या) की अंबड मागे गेलं आणि मी शेवटच्या थांब्यावर उतरलो. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात वाजली. मी पंख्याच्या आवाजात राहायला गेलो आणि एक वाकडा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेला. सुपरवायझर म्हणाले, "हिरामण, कुठंयस?" मी म्हणालो, "आत्तात, साहेब." त्यांनी मला लेखी खुलासा मागितला. सगळ्यांत वाईट म्हणजे घंटा आता वाजेल, मग वाजेल, या धास्तीत मधला तास जाऊ लागला. बीपी वाढलं असणार. मोजायचं धाडस झालं नाही.

अशा अवस्थेत तुम्ही विंचूरचं स्थळ आणलंत. मामा, तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. तृप्तीचा फोटो बघितल्यापासून मला हे स्थळ जमावं असं फार वाटत होतं. फोटोत ती हसत नाही, पण नुकतीच हसून झालेली आहे, किंवा फोटो काढणारा गेला की हसणार आहे, असं दिसतं. आधीची तीन स्थळं का मोडली ते तुम्हालाच जास्त माहीत. पिंपळगावच्या लोकांनी तर तुमच्या तोंडावर सांगितलं होतं की मुलगा गुणी आहे, पण बघायला आला होता की तपासायला, ते कळलं नाही. (मी फक्त जिन्याला कठडा का नाही, एवढंच विचारलं होतं.) हे चौथं तसं जाऊ नये म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकली. दुसरा दिवस बघण्याचा, पहिला तयारीचा. पहिला दिवस रंगपंचमीचा होता हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बेत पक्का केला होता. दार लावून घ्यायचं, पांढरा शर्ट इस्त्री करून खिळ्याला टांगायचा आणि प्रश्नांची उत्तरं पाठ करायची. शिक्षण किती? अकरावी, पुढे आयटीआय अर्धवट. खरं तेच सांगायचं, फक्त 'अर्धवट' म्हणताना खाली बघायचं नाही.

आता मामींसाठी रहाड म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण तुमच्या देवळा गावात रहाड नाही. मी राहतो ती जुन्या नाशकातली गल्ली. घरमालकीण नवसाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात, आणि आवाज असा की गल्लीत लाउडस्पीकर लागला तर त्यालाच लाज वाटावी. त्यांच्या दारासमोर, रस्त्याच्या पोटात, दगडाने बांधलेला जुन्या काळचा हौद आहे. ती रहाड. वर्षभर तिच्यावर जाड लाकडं आणि माती घालून रस्ता असतो, लोक स्कूटर लावतात, भाजीवाली बसते. रंगपंचमी आली की माती उकरतात, लाकडं काढतात, हौद धुतात, पूजा करतात, मग फुलं उकळून केलेला रंग मोठमोठ्या कढयांमधून आत ओततात. जुन्या नाशकात अशा काही रहाडी आहेत आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. आमची पिवळी. तिच्यात उडी मारायची, तिला इथे धप्पा म्हणतात. उडी सरळ मारायची नाही, अंगाचा गोळा करून असं पडायचं की पाणी काठावरच्या लोकांच्या डोक्यावरून जावं. रंग एकदा बसला की आठवडाभर जात नाही. जितका टिकेल तितका मान.

दार लावून मी बसलो होतो, पण खिडकी उघडी होती, आणि तिथेच माझा घात झाला. मला दिसलं की रहाडीभोवती दोरच बांधलेला नाही. भर रस्त्यात दोन पुरुष खोल खड्डा, भोवती दोन-तीनशे माणसं, ढोल, निसरडा दगड, आणि दोर नाही! मी पंधरा मिनिटं स्वतःला समजावलं की हे तुझं काम नव्हे. मग राहवेना. फक्त सांगून यायचं, लगेच परत, असं ठरवून मी रेनकोट घातला, चेन वरपर्यंत ओढली, रंगाचे फुगे लागू नयेत म्हणून हेल्मेट घातलं, काच खाली केली, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि बाहेर पडलो. दारात नवसाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुठं रे, चंद्रावर?" मोबाइल मी त्यांच्याकडे सांभाळायला दिला.

काठावर मंडळाचा एक कार्यकर्ता उभा होता, भुवयांपर्यंत पिवळा. मी त्याला विचारलं, दोर का नाही बांधला. तो म्हणाला, "बांधला होता भाऊ मागं एकदा. लोक दोरावरनं उड्या मारायला लागले." खोली किती, म्हणालो. "आत जाऊन सांगा, आम्हालाही कळंल." पाणी किती गरम आहे? "अहो भाऊ, तुम्ही गल्लीतले का इन्शुरन्सचे?" त्यावर मोठा हशा झाला आणि कुणीतरी "हेल्मेट! हेल्मेट!" असा गजर सुरू केला. ढोलवाल्याने तो ठेका उचलला. मामा, दोन-तीनशे माणसं एका तालात तुमच्या डोक्यावरच्या वस्तूचं नाव घेत आहेत, असं तुमच्या बाबतीत कधी झालं नसेल. मी पुढे वाकून आत बघितलं. पिवळंधमक पाणी, त्यावर वाफ, आणि तळ दिसत नव्हता. पोहायला मला येतं, ते तुमच्यामुळे. (सातवीत असताना पाठीला डबा बांधून तुम्ही मला मळ्यातल्या विहिरीत टाकलं होतं. मी त्यानंतर तीन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. आज आभार मानतो.) पण येणं वेगळं आणि करणं वेगळं. मी मनात म्हणत होतो की उद्या विंचूरला जायचं आहे, शर्ट पांढरा आहे, रंग आठवडाभर टिकतो, आणि हे म्हणत असतानाच मी उडी मारली.

आत काय होतं ते मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, पण प्रयत्न करतो. पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं ऊन होतं. हेल्मेटच्या काचेतून सगळं असं पिवळं दिसत होतं की जणू कुणी मला पेटलेल्या दिव्याच्या आत नेऊन सोडलं आहे. उकळलेल्या फुलांचा वास हेल्मेटात शिरला आणि मागोमाग पाणी शिरलं. वरचा ढोल कानाला ऐकू येत नव्हता, छातीला ऐकू येत होता. पाय तळाला लागले. दगड गुळगुळीत होता, आपल्या घरच्या पाट्यासारखा. आणि मला एकदम कळलं की डोक्यात काहीच नाही. शर्ट नाही, विंचूर नाही, बस नाही, मुलीची शाळा रस्त्याच्या कुठल्याच बाजूला नाही. नुसता मी आणि तो दगड. मी त्याला लाथ मारली आणि वर आलो. वर येताच मी ओरडलो. जे ओरडलो ते शब्द नव्हते, त्यामुळे इथे लिहिता येत नाही. लोकांनी हाताला धरून मला बाहेर काढलं, हेल्मेटातून धबधबा पडला, आणि त्या पिवळ्या कार्यकर्त्याने माझ्या पाठीत गुद्दा घालून विचारलं, "काय भाऊ, खोली किती?" मी म्हणालो, "भरपूर!"

मग मामा, मी रेनकोट काढला. हेल्मेट काढलं. दोन्ही नवसाबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. मी, ज्याने जत्रेत पाळण्यात बसण्याआधी पाळणेवाल्याला नटबोल्टांविषयी विचारलं होतं, तो मी, पाठीमागच्या माणसाला म्हणत होतो, "ढकलू नका, माझा नंबर आहे!" दुसरी उडी मारली, तिसरी मारली, मग मोजणं सोडलं. अंगाचा गोळा कसा करायचा ते एका जाडजूड मिठाईवाल्याने शिकवलं. तो पडला की रहाड अर्धी बाहेर यायची. एका आजोबांना काठावर चढवताना त्यांचं धोतर माझ्या हातात राहिलं, ते मी पाण्यातच त्यांना नेसवलं, आणि ते म्हणाले, "पोरा, नीट खोच, पुढच्या उडीला सुटायला नको." ऊन, वाफ, ढोल, गूळ-शेंगदाण्याचे लाडू कुणीतरी तोंडात कोंबत होतं, आणि माझ्या नरड्यातून असा हसण्याचा आवाज येत होता की तो कुणाचा म्हणून मी एकदा मागे वळून बघितलं. नंतर कळलं की या सगळ्या वेळात घंटा दर तासाला वाजत होती, आणि नवसाबाई दर वेळी ती पिशवी कानाला लावून "कोण? हिरामण पाण्यात आहे, नंतर करा" असं सांगत होत्या. मला ती एकदाही ऐकू आली नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या ते मी महिनाभर उलटं करत होतो, मामा. आत्ता ही बाजूला उभं राहून बघायची गोष्टच नव्हे. तिच्यात अंगाचा गोळा करून पडायचं असतं, म्हणजे शेजारचेही भिजतात.

संध्याकाळी आरसा बघितला. मामा, तो पिवळा रंग सांगून पटणार नाही. अंग पिवळं, कान पिवळे, नखं पिवळी, केसांच्या मुळांतली कातडी पिवळी. साबण लावला, बेसन लावलं, लिंबू लावलं, दही लावलं. (शेवटी अंगाला कढीचा वास येऊ लागला.) रंग हलेना. माझा कारखान्यातला मित्र सहादू, पेठकडचा, उद्या माझ्याबरोबर विंचूरला यायचा होता, कारण तुम्हाला लिलावातून सवड नव्हती. तो आला, दारातच बसला आणि पोट धरून हसला. "लय भारी झालं रं," म्हणाला, "लोक मुलगी पाहून मंग हळद लावत्यात, तू हळद लावूनच चाललास!" मी म्हणालो, तारीख पुढे ढकलू. तो म्हणाला, "नाय नाय. कालचा हिरामण तिथं गेला आस्ता तर कठडाच मोजून आला आस्ता. हाच जाऊ दे." आणि मला ते पटलं. मी रात्रभर शांत झोपलो. उत्तरं पाठ केली नाहीत.

विंचूरला पोचलो. पांढऱ्या शर्टामुळे मी होतो त्याहून जास्त पिवळा दिसत होतो. दार तृप्तीच्या छायाआत्यांनी उघडलं, आणि उघडून तशाच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन हळूच म्हणाल्या (हळूच, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू आलं), "दादा, पोरगं पिवळं हाय हो! नखापस्तोर उतरलीया!" चहा आला, माझ्यासमोर ठेवला, आणि मी हात पुढे करताच छायाआत्यांनी कप उचलून नेला. त्या जागी उसाच्या रसाचा मोठा पेला आला. मला वाटलं, विंचूरची पद्धत असेल. मी प्यालो. पेला संपताच दुसरा आला. सहादूने सांगितलं, "अवो, हा रहाडीचा रंग हाय." तेव्हा तृप्तीचे वडील समजुतीने हसले. ते तरुणपणी दोन वर्षं नाशकात नोकरीला होते आणि तिथे त्यांनी एक रहाड स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे. ती गुलाबी होती. "रहाडीचं आम्हाला शिकवू नका, पाव्हणं. रहाड गुलाबी आसती. मित्राला सांभाळून घेताय, चांगलं हाय, पण पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय." प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा, हे सहादू सांगत राहिला आणि ते मान हलवत राहिले, जशी आपण आजारी माणसाच्या नातेवाइकांपुढे हलवतो.

मग शेजारच्या गल्लीतून भिकाबाबांना बोलावलं. ते कावीळ उतरवतात. पितळी भांड्यात चुन्याची निवळी आणली आणि तिच्यात माझे हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असा त्यांचा नेम. सगळे भांड्यावर वाकले. पाणी पिवळं झालं. छायाआत्यांनी 'बघा, म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने सगळ्यांकडे बघितलं. मग ते केशरी झालं. मग लाल झालं. (आमच्या रंगात थोडी हळदही घालतात, आणि हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे मामींना सांगायला नको.) भिकाबाबांनी भांडं खाली ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "इतकी वरसं झाली, आसं नाय पाह्यलं. माझ्या हातचं नाय हे. मोठ्या दवाखान्यात न्या पोराला, आन् लवकर न्या."

या गडबडीत कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण मुलगी बघायला आलो आहोत. आम्हा दोघांना बोलायला मागच्या अंगणात, कांद्याच्या चाळीपाशी पाठवलं. तृप्ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला आहे, हे तुम्ही सांगितलं होतं, पण मी विसरलो होतो. ती म्हणाली, "माझ्याकडं बघा." मी बघितलं. "वर बघा." बघितलं. "आता खाली." मला वाटलं, अशीच सुरुवात होत असेल, आणि छातीत ढोल वाजू लागला. मग ती म्हणाली, "डोळे पांढरेस्वच्छ आहेत. कावीळबिवीळ काही नाही." मी म्हणालो, मग आत जाऊन सांगा ना! ती म्हणाली, "मी सांगितलं तर म्हणतील, पोरीला पोरगा आवडला म्हणून झाकतेय." इथे ती जराशी थांबली, मामा. तेवढ्यापुरती. पुढे म्हणाली, "तुम्ही सांगा. मित्र नको, मामा नकोत, तुम्ही स्वतः." आणि मग तिने असा एक प्रश्न विचारला जो माझ्या पाठ केलेल्या आणि न केलेल्या कुठल्याच प्रश्नांत नव्हता. "उडी मारली, का कुणी ढकललं?" मी उत्तर दिलं. ती हसली, आणि मला फोटो काढणारा नेमका कुठल्या क्षणी चुकला ते कळलं. तेवढ्यात आतून हाक आली.

आत आल्यावर मी तिच्या वडिलांना सगळं सांगणार होतो. तोंडही उघडलं. पण छायाआत्यांनी त्यात मुळ्याची फोड घातली. निघताना वडील सहादूला म्हणाले, औषधपाणी होऊ द्या, मग बघू. पुढच्या रविवारी, म्हणजे आजपासून आठव्या दिवशी, येवल्याचं एक स्थळ येणार आहे, त्यांना नाही म्हणायला आता कारण उरलेलं नाही. तिथून आजपर्यंत मला एकच गोष्ट दिसते आहे, आणि ती येवल्याची आहे.

तर मामा, वस्तुस्थिती ही अशी आहे. मी आजारी नाही. उलट इतका बरा मी कधीच नव्हतो. काल अंबडच्या बसमध्ये खिडकीतून वारा आला आणि मी तो वारा असतानाच वारा म्हणून घेतला, आणि थांब्यावर बरोबर उतरलो. घंटा काढून टाकली आहे. सुपरवायझर म्हणाले, तुझ्यात फरक पडलाय, रंग सोडूनसुद्धा. तेव्हा काळजी करू नये, औषध पाठवू नये, आणि लहानमोठ्यांना माझा यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद सांगावा. तांबड्या गायीलाही.

तुमचा भाचा (कानांमागे आणि नखांत अजून थोडा पिवळा),
हिरामण

ता. क. मामींना सांगा, भुईआवळी खरंच पाठवू नका. पण मुळ्याचा पाला चांगला होता, त्याची भाजी नवसाबाईंनी केली आणि त्यांना ती आवडली. त्यामुळे मुळे पाठवायला हरकत नाही.

आणखी एक ता. क. पाकिटात घालण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. वर मी 'मी उडी मारली' असं लिहिलं आहे. हा एक तुकडा गेजमध्ये बसत नाही. मामा, पहिली उडी मी मारली नाही. मी काठावर वाकून उद्याचा विचार करत होतो, तेव्हा मागून नवसाबाई आल्या, म्हणाल्या, "किती बघशील रे, पाणी निवतंय," आणि दोन्ही हातांनी ढकललं. दुसरीपासून पुढच्या सगळ्या माझ्या. तृप्तीने विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, कारण उत्तर जुळवायला वेळच मिळाला नाही, जे तोंडात होतं तेच बाहेर आलं. त्यावर ती हसून म्हणाली, "पहिली कुणाचीच स्वतःची नसते हो. पण बाबांच्या बाबतीत मी नाही ढकलणार. तिथं तुमचं तुम्ही बघा."

अगदी शेवटचं, आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो. विंचूरच्या गाडीत मी काल जाऊन बसलो, आणि गाडी सुटता सुटता उतरलो. आज सकाळी पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. आत्ता म्हणजे आत्ता, हे सगळं मला कळतं, पण माझ्यात आणि पाण्यात एक काठ राहतोच. मामा, पुढच्या रविवारच्या आत एक दिवस लिलाव सोडा आणि या. मध्यस्थी करू नका, माझ्या वतीने बोलू नका, तिने तुम्हाला नको म्हटलं आहे. फक्त मला त्यांच्या दारापर्यंत न्या आणि विहिरीवर केलं होतं तेच करा. डबा बांधू नका. आत पडलो की पुढचं मी बघतो. (गुडघ्याची काळजी करू नये. ढकलायला गुडघा लागत नाही, खांदा लागतो. नवसाबाईंना विचारून घेतलं आहे.)